एक भिडू कमी आहे

मधल्या सुट्टीची घंटा झाली की आमचे भालेराव सर वर्गांना कुलपं लावत सुटतात. कमरेला चौदा वर्गांच्या चौदा किल्ल्या, गळ्यात शिट्टी, पायात पांढरे कॅनव्हासचे बूट. आधी प्रत्येक बाकाखाली वाकून बघतात, कारण अभ्यासू मुलं तिथे लपतात. मग दार ओढून कुलूप. "पंचवीस मिनिटं हा वर्ग कुणाचाही नाही!" असं जाहीर करून सर पुढच्या दाराकडे.

सर आमच्या कोथरूडच्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतात. रोज खेळाचा तास आणि पूर्ण मधली सुट्टी सक्तीची, असं परिपत्रक आलं तेव्हा बाकी सगळ्यांनी ते वाचून सही केली आणि फाइलला लावलं. परिपत्रकाचं याहून जास्त काही करायचं असतं, हे आम्हाला ठाऊकच नव्हतं. भालेराव सरांनी मात्र त्याची प्रत लॅमिनेट करून शर्टाच्या खिशात ठेवली. कुणी हुज्जत घातली की लाल कार्ड काढावं तशी ती काढतात. "शासनाचा आदेश आहे. माझी हौस नाही."

एक आई एकदा तक्रार घेऊन आल्या. "सर, आमच्या ईशानला ऊन लागतं हो."

"लागू द्या. उन्हाचा क्लास अजून कोथरूडात निघालेला नाही, तोवर फुकट मिळतंय."

तपासणीला आलेले साहेब एकदा सातवीच्या वर्गात बसून वह्या बघत होते. घंटा झाली. सर दारात उभे. "साहेब, बाहेर यावं लागेल." साहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. सरांनी खिशातून कार्ड काढलं. "आपल्याच कार्यालयाचं आहे." साहेब उठले. खाली येईपर्यंत सरांनी त्यांच्या हातात रबरी चेंडू दिलाही होता. "बरं झालं आलात. एक भिडू कमी आहे."

हे सरांचं दुसरं ठेवणीतलं वाक्य. मैदानावर रोज लगोरी. फरशीचे सात तुकडे सरांनी स्वतः घासून गोल केलेत. आणि रोज एक भिडू कमी. मग क्लार्क, फी भरायला आलेले वडील, कुरिअरवाला, जो सापडेल तो आत.

मी करमाळ्याच्या बाजूचा. वडील बाजार समितीत हमाल. घरातला पहिला पदवीधर मी. आमच्या गुरुजींनी मला मधल्या सुट्टीतही वर्गात बसवून गणितं घातली, त्यांचे उपकार मी जन्मात विसरणार नाही. त्यामुळे खेळ म्हणजे ज्यांचं सगळं आधीच ठीक आहे त्यांचं काम, अशी माझी प्रामाणिक समजूत होती.

शाळेत रुजू झालो त्या दिवशी शिक्षकखोलीत सगळ्यांचे डबे आपापल्या घोळक्यात उघडले. मी कोपऱ्यात एकटा, भाकरी झाकून खात होतो. सर दारात आले. "माने, चला लवकर. एक भिडू कमी आहे."

"सर, मला खेळता येत नाही."

"मला तरी कुठे येतं? उठा."

मी उठलो. तीन वर्षं रोज उठत आलो. पहिल्यांदा लगोरी रचून झाली तेव्हा माझ्या तोंडून आरोळी निघाली होती, आणि ती माझीच आहे हे मला जरा उशिरा कळलं.

पण यंदा दहावीचा वर्ग माझ्याकडे आला. सराव परीक्षा तोंडावर आणि महत्त्वमापनाचं अख्खं प्रकरण बाकी. त्या वर्गात चार-पाच मुलं माझ्यासारखीच, घरात पहिल्यांदा दहावीला बसणारी. ती नापास झाली तर गुरुजींना काय तोंड दाखवू, असं वाटायचं. मी मोठ्या बाईंकडे, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांकडे, परीक्षेपर्यंत दहावीचा खेळाचा तास मागितला. मधली सुट्टी त्याला लागूनच होती, तीही मागितली. बाईंनी दोन्ही दिलं.

सरांना सांगितलं. मला वाटलं, आता कार्ड निघणार. सर फक्त "बरं" म्हणाले. त्या दिवशी शाळेत तेराच कुलपं लागली.

तिसऱ्या मजल्यावर मुलं वृत्तचितीचं घनफळ काढत होती. डबेही तिथेच उघडले होते. मी खिडकीशी उभा राहून खाली पाहिलं. लगोरी चालू होती. सवयीनं मोजलं. इकडे नऊ, तिकडे नऊ. पुन्हा मोजलं. नऊ, नऊ. मी नसूनही संघ पुरे होते.

तेवढ्यात सर पायऱ्यांकडे गेले. तिथे आठवीत नुकतीच आलेली एक मुलगी डबा मांडीवर घेऊन एकटीच बसली होती. सर काहीतरी म्हणाले. तिनं मान हलवली. सरांनी घड्याळाकडे बोट दाखवून घाई केली. ती उठली. आता नऊ आणि दहा झाले, म्हणून सर घंटा देणाऱ्या मावशींना ओढून घेऊन आले. दहा-दहा. आणि सर शिट्टी तोंडात धरून रेषेबाहेर जाऊन उभे राहिले, नेहमीच्या जागी.

शाळा सुटल्यावर मी त्यांना नळाजवळ गाठलं. ते लगोरीचे तुकडे धूत होते.

"सर, त्या पहिल्या दिवशी कुणीही कमी नव्हतं ना?"

"गणिताचे शिक्षक ना हो तुम्ही? तीन वर्षं लागली मोजायला?"

सर तुकडा पुसत म्हणाले, "आम्ही खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचो. वडील कारखान्यात. संध्याकाळी पोरं संघ पाडायची. सगळे वाटून झाले की मी उरायचो. मग म्हणायचे, भाल्या, तू पंच. पंच म्हणजे काय माने, ज्याला कुणी घेत नाही तो." आणि ते मोठ्यानं हसले. मला हसू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोठ्या बाईंकडे गेलो. तास आणि सुट्टी परत घ्या, दहावीचं प्रकरण मी शाळेआधी सातला येऊन पुरं करतो, म्हणालो.

"मागितलात तुम्हीच, परत देताय तुम्हीच," बाई म्हणाल्या. "गणिताच्या उत्तरासारखं एकच काय ते ठरवून टाका ना."

घंटा झाली. मी स्वतः दहावीच्या दाराला चौदावं कुलूप घातलं आणि सगळी पलटण घेऊन खाली उतरलो. संघ पाडले. मग सरांसमोर जाऊन उभा राहिलो.

"सर, आमच्यात एक भिडू कमी आहे."

सरांनी मागे वळून पाहिलं, कुणाला म्हणतोय म्हणून. मागे भिंत होती.

"अहो, मग शिट्टी कोण वाजवणार?"

मी हात पुढे केला. सरांनी गळ्यातली दोरी काढायला बराच वेळ घेतला.

चेंडू हातात घेऊन त्यांनी एक डोळा मिटला, नेम धरला आणि फेकला. तो लगोरीला न लागता मोठ्या बाईंच्या स्कूटरला लागला. मी शिट्टी वाजवली. "पाय रेषेच्या पुढे होता सर. बाद!"

सर लालबुंद होऊन माझ्या अंगावर आले. "कुठला नियम हा? दाखवा परिपत्रक!"

पायऱ्यांवरची ती आठवीतली मुलगी सगळ्यांच्या पुढे येऊन ओरडली, "पंच, सरांना अजून एक डाव द्या!"

दिला.