फिरंगी वेशीचा पहारेकरी

रावजी कौलवाल्याला इतिहासाची आवड नव्हती. त्याला मेहुण्याची नावड होती. पण मेहुण्याबद्दल सरकारला अर्ज करता येत नाही, म्हणून त्याने तो इतिहासाबद्दल केला.

मेहुण्याचे नाव चंदर. १९३० सालच्या शिमग्याला तो बहिणीकडे दोन दिवसांसाठी आला आणि घरापुढच्या ओट्यावर बसला. त्याला आता चार वर्षे झाली. तिथून रस्ता चांगला दिसतो असे त्याचे म्हणणे होते, आणि ते खोटे नव्हते. दर्यापेठेचा तो एकच मोठा रस्ता. बंदरावरून येणारे उतारू, मासळीच्या पाट्या, नागावच्या वाड्यांतली सुपारी, रेवसची सर्व्हिस मोटार, सगळे त्या ओट्यासमोरून जाई. रावजीने कामधंद्याचा विषय काढला की चंदर म्हणे, "बघतोय ना, भावजी." आणि खरोखरच रस्त्याकडे बघत राही. बायकोपुढे बोलण्यात अर्थ नव्हता. नीराबाईचा तो एकुलता एक भाऊ.

रस्त्याच्या टोकाला फिरंग्यांच्या अमलातली वेस होती. कमान शाबूत, एका अंगाचा बुरूज कधीच ढासळलेला, आणि वर दोन दगडी सिंह, ज्यांची नाके तीनशे वर्षांच्या खाऱ्या वाऱ्याने झिजून गेली होती. अशा जुन्या वास्तूंवर सरकारी खाते पगारी पहारेकरी नेमते, असे रावजीच्या कानावर आले. त्या दिवशी तो वखारीतून मुद्दाम वेशीवरून घरी आला. वेस घरापासून चांगली दोनशे पावले होती. तिच्या पोटात एक देवडी होती आणि तीत एक माणूस पाय दुमडून झोपू शकत होता. रावजीने स्वतः पाय दुमडून पाहिले.

अर्ज गेला, उत्तर आले. मंगळवारी वेस पाहायला खात्याचे साहेब येणार होते. त्यांना घेऊन यायला रावजी रविवारीच अलिबागला निघाला, आणि निघताना त्याने आयुष्यातली मोठी चूक केली. तो चंदरला म्हणाला, "साहेब येतील तवा वेशीपाशी उभा ऱ्हा. मानूस कामाचा दिसेल असं कायतरी कर."

चार वर्षांत चंदरला कोणी इतके विश्वासाने बोलले नव्हते. तो पेटला. पाहुणा यायचा तर आधी सफेदी करायची, ही पेठेची रीत. त्याने भट्टीवरून शिंपल्यांचा चुना आणला, त्यात डिंक कालवला आणि चार गडी लावले. नारळाच्या सोडणांनी शेवाळ घासून काढले, फटी बुजवल्या. सोमवारी दुपारपर्यंत वेस अशी पांढरीशुभ्र झाली, की होड्यांवरच्या लोकांना वाटले दीपगृह हलवले.

तेवढ्यावर थांबले असते तरी निभावले असते. पण नीराबाई बघायला आली आणि तिचे लक्ष सिंहांकडे गेले. खंडित मूर्तीखालून पाहुण्याला आणायचे म्हणजे धडधडीत अपशकुन, असे तिने बजावले. नशिबाने पेणचा कान्हा मूर्तिकार सासरवाडीला आलेला होता. कान्हाने सिंह कधी पाहिला नव्हता. गणपती मात्र तो वर्षाला तीनशे करी. त्याने शाडूची नाके बसवली. एका सिंहाला तर सोंड येता येता राहिली. मग त्याने दोघांना पिवळा रंग, लांबसडक डोळे आणि गुलाबी ओठ दिले. सिंह पेठेकडे पाहून मंद हसू लागले.

केसर कोळीण पाटी घेऊन खालून जाताना थबकली. "कुनाचं लगीन रं, चंदर?"

"लगीन न्हाय, सरकार येतंय."

"मंग ही वरती नवरी कोन बसवलीस?"

मंगळवारी टांगा वेशीपाशी आला तेव्हा रावजीने टांगेवाल्याला सांगितले, की तू रस्ता चुकलास. टांगेवाला म्हणाला, पेठेला रस्ता एकच आहे. तेव्हा रावजीने वर पाहिले.

साहेब पुण्याचे होते. किरकोळ अंगलट, सोला हॅट, आणि कोणत्याही नव्या गोष्टीबद्दल मनापासून नाराजी. अलिबागेपासून रावजी त्यांना वेशीच्या जुनेपणाबद्दल इतके सांगत आला होता, की ते टांग्यातून जवळजवळ उडी मारून उतरले.

"ही कुठली कमान?"

"हीच वेस, साहेब," चंदर पुढे होऊन नमस्कार करत म्हणाला.

"किती जुनी?"

"कालची. हात लावू नका, चुना वला हाय."

रावजी घाईने मध्ये पडला. "आतून जुनी हाय, साहेब."

"आतून म्हणजे?"

"सफेदीच्या आतून."

साहेबांनी बराच वेळ मान वर करून पाहिले. "आणि हे कोण?"

"सिंह."

"कोणी सांगितलं?"

साहेबांनी वही काढून एक ओळ लिहिली. रावजीने वाकून वाचली: 'पाहण्याजोगे काही नाही.' त्याच्या डोळ्यांपुढून मागची चार वर्षे गेली आणि मग पुढची चाळीस. चुना अजून ओला आहे तर धुऊनही निघेल, असे त्याला सुचले, आणि त्याने चंदरला पाण्याच्या बादल्या मारायला सांगितले. चंदर आज नाही म्हणण्याच्या मनःस्थितीत नव्हताच. चुना हलला नाही. शाडू मात्र हलला. उजव्या सिंहाचे नाक सुटले ते साहेबांच्या हॅटवर बसले, आणि पाठोपाठ पिवळा व गुलाबी रंग त्यांच्या कोटावरून निवांतपणे ओघळला.

आता साहेबांना धुणे भाग होते. रावजी त्यांना हाताला धरून घरी घेऊन आला. नीराबाईने ओट्याच्या पायरीवर त्यांना बसवले आणि हंडे आणले. एक, दोन, तीन हंडे ओतले. साहेबांचा रंग जाईना, पण पायरीवरचे पिढ्यान्‌पिढ्यांचे सारवण निघून गेले आणि खालून दगडावर कोरलेली अक्षरे वर आली.

साहेब ओल्या अंगाने गुडघ्यांवर बसले. त्यांनी बोटाने एकेक अक्षर चाचपले आणि अडखळत विचारले, ही पायरी इथे कशी आली.

रावजीला वाटले, अर्जात अजून धुगधुगी आहे. तो अभिमानाने म्हणाला, "आजोबांनी आनली. बुरूज पडला तवा समदा वटाच तिकडच्या दगडांचा बांधला."

"हा वेशीचा शिलालेख आहे. जुन्या कागदांत याचा मजकूर सापडतो, गावाचं नाव नाही," साहेब म्हणाले. "वीस वर्षं शोधतोय मी याला." मग उभे राहून त्यांनी एका दमात सांगितले, की आजपासून हा ओटा सरकारच्या नजरेखाली. तो हलवायचा नाही, सारवायचा नाही, आणि, इथे त्यांनी चंदरकडे पाहिले, त्याला चुना लावायचा नाही. इथे पहारेकरी बसेल.

"दगड वेशीपाशी नेऊन ठेवतो, साहेब," रावजी म्हणाला. "आत्ता नेतो. पाठीवर नेतो."

"जागेवरून हलता कामा नये. या ओट्याची माहिती असलेला कोणी विश्वासू माणूस आहे का?"

नीराबाई डोक्यावरचा पदर सावरत म्हणाली, "माझा भाव हाय की. चार वर्सं झाली, हितनं हलला न्हाय."

"चार वर्षं?" साहेबांचा आवाज हळवा झाला. "पगाराशिवाय?"

दीड महिन्याने हुकूम आला. सोबत खाकी कोट आला, पितळी बिल्ला आला आणि बसायला सरकारी स्टूल आले. त्या दिवशी रावजी वखारीतून उन्हातान्हाचा घरी आला आणि त्याने पायरीवर पाऊल ठेवले. चंदर स्टुलावरून उठला. तो अदबीने बोलला, कारण आता तो सरकारी माणूस होता.

"भावजी, मागल्या दारानं."

रावजी घराला वळसा घालून, कोंबड्यांमधून वाट काढत मागच्या दाराने आत आला. नीराबाईने भाकरी, सुकटीची चटणी आणि भाताचा ढीग असे ताट वाढलेलेच होते. तो हात धुऊन पाटावर बसायला वाकला.

"आवं, बसताय काय," ती म्हणाली. "त्याला जागा सोडून उठता येत न्हाय. तेवढं ताट भाईर देऊन या."