गिझरच्या टायमरचा बंदोबस्त

माझ्या हाताखालून गेलेली वस्तू पुन्हा आवाज करत नाही, असा माझा लौकिक आहे. हिचं म्हणणं, वस्तूच बंद पडते, मग आवाज कुठून येणार? लग्नाला बारा वर्षं झाली की बायका असं बोलतात. मी मनावर घेत नाही.

आमच्या गिझरचा टायमर बाबांनी बसवलेला. बाबांनी चाळीस वर्षं घड्याळं दुरुस्त केली. चकती फिरवायची, वीस मिनिटं पाणी तापतं आणि तेवढा वेळ हे यंत्र बाथरूमच्या दाराशी असं टकटकतं, की जणू कोणीतरी आत नारळ फोडतंय. ही सकाळी कॉम्प्युटरवर मुलांना गणित शिकवते. एक मुलगी परवा म्हणाली, "बाई, तुमच्याकडे रोज सुतार येतो का?"

"काहीतरी कर," ही म्हणाली, "पण बाबांना कळू देऊ नकोस."

शनिवारी बाबा फिरायला गेले. मी टायमर उघडला, आत ग्रीस भरलं आणि डबीच्या चारी बाजूंनी मऊ अस्तर कोंबलं. कामाला आलं ते अस्तर कुठून आणलं, हे विचारू नका. पण काय ती शांतता! मी स्वतःचीच पाठ थोपटली.

रविवारी बाबांनी चकती फिरवली आणि भिंतीला कान लावला. मग दुसरा कान लावला. पाणी तापलं, चकती शून्यावर आली, तरी ते तिथेच उभे. आंघोळ न करता ते खुर्चीत येऊन बसले. चहा निवून गेला. बाबांना सुगावा लागला आणि ते रागावले, अशी माझी खात्री झाली. म्हणून मी त्यांच्या आवडीचं वर्तमानपत्र पुढे केलं, पंखा लावला, नको असताना उशीही दिली.

दुपारी त्यांनी हत्यारांचा डबा माझ्यासमोर ठेवला. चिमटे, भिंग, बारीक स्क्रू ड्रायव्हर, सगळं पुसून लख्ख केलेलं.

"हे तू ठेव. चकती फिरते, पाणी तापतं, आवाज मात्र येत नाही. म्हणजे बिघाड टायमरमध्ये नाही." त्यांनी कानाला हात लावला. "तुम्ही दोन वर्षं डॉक्टरकडे चला म्हणत होता. मी म्हणायचो, माझा टायमर मला ऐकू येतो ना, मग झालं. उद्याची वेळ घे."

हिने मला स्वयंपाकघरात ओढलं. "आता तोंड उघडू नकोस. या निमित्ताने कान तरी तपासून होतील."

मुद्दा बिनतोड होता. पण माझी नजर त्या डब्यावरून हलेना. बाबांनी तो डबा मला लहानपणी हातही लावू दिला नव्हता, आणि आता असा देऊन टाकत होते. मी जाऊन सगळं कबूल केलं, मोठ्याने, दोनदा.

बाबांनी डबा परत घेतला, टायमर उघडला, चिमट्याने माझी कारागिरी उपसून काढली आणि चकती फिरवली. टक, टक, टक. त्यांनी डोळे मिटले. इतकं बरं मला कुठल्याही आवाजाने वाटलेलं नाही.

"डॉक्टरांची वेळ मात्र घेच," ते म्हणाले. "सूनबाई काल तीनदा हाक मारत होती म्हणे. ती काही मला ऐकू आली नाही."

आठवड्याभराने कानाचं यंत्र आलं. सकाळी बाबांनी चकती फिरवली आणि दचकून मागे सरले.

"हा एवढा बोंबलतो? आणि तुम्ही दोन वर्षं गप्प?"

त्यांनी आतला एक स्क्रू पिळला, तेलाचा एक थेंब सोडला. पाच मिनिटांत टायमर मांजरासारखा घुरघुरायला लागला.

मी आतल्या खोलीत जाऊन हिच्या कानात अगदी हळू म्हणालो, "पण अस्तर घालायची कल्पना काही वाईट नव्हती."

बाहेरून बाबा म्हणाले, "नव्हती. पण फाडलेली चप्पल माझी होती."