घड्याळजींची चार पावलं

त्या रविवारी खिडकीच्या काचा आपणच पुसायच्या, असं कारकूनसाहेबांनी ठरवलं आणि तिथूनच सगळं बिनसलं. (बायकोने सहा महिने मागे लागून करून घेतलेल्या कामाला ते ‘ठरवलं’ म्हणत.) काच लख्ख झाली आणि समोरच्या तळमजल्यावरचं स्वयंपाकघर आरपार दिसू लागलं. तिथे घड्याळजी, म्हणजे कोपऱ्यावर घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, चहाचा कप घेऊन चालत होते. एक, दोन, तीन, चार पावलं. कुबड्या मात्र दाराशी टेकून ठेवलेल्या.

घड्याळजींना तीन वर्षांत कोणी कुबड्यांशिवाय पाहिलं नव्हतं. त्यांना सरकारचा अपंगत्व भत्ता मिळतो, असं इस्त्रीवाल्याने साहेबांना सांगितलं होतं. साहेबांच्या हातातलं फडकं तिथेच थांबलं.

“कळवायलाच हवं,” ते म्हणाले.

बायकोने शांतपणे विचारलं, की समोर जाऊन त्यांनाच का विचारत नाही? साहेब म्हणाले, आपलं काम संशय कळवण्याचं, खरं-खोटं बघायला माणसं नेमलेली आहेत. त्यावर ती म्हणाली, “अहो, ती माणसं दार वाजवतील तेव्हा धडकी घड्याळजींच्या छातीत भरणार आहे, तुमच्या नाही.” साहेबांनी हा मुद्दा विचाराधीन ठेवला. त्यांच्या ऑफिसात विचाराधीन ठेवलेलं काहीही पुन्हा कोणाच्या नजरेला पडत नसे.

त्यांनी त्याच दिवशी तक्रार लिहून टपालात टाकली आणि पुराव्यासाठी एक दोनशे पानी वही आणली. रोज सकाळी स्टुलावर उभं राहून ते नोंदी करू लागले, सुट्टीच्या दिवशी तर दुपारपर्यंत. ‘८.१० : चार पावलं, आधाराशिवाय. ८.१२ : खुर्चीत बसला. ८.१५ : उजवा हात वर केला, खांदा धडधाकट. ९.०५ : उठण्याचा प्रयत्न, जमलं नाही (नाटक?).’ बारा दिवस एक खाडा नाही. ऑफिसात त्यांची एवढी वक्तशीरपणाची ख्याती नव्हती.

तेराव्या दिवशी नीट दिसावं म्हणून ते टाचा उंचावून पुढे झुकले. स्टूल मागे गेलं, साहेब खाली आले आणि घोटा मुरगळून टम्म फुगला. बायको बर्फ लावत असताना जिन्यात खटखट ऐकू आली. ती फार वेळ येत राहिली. शेवटी दारात घड्याळजी उभे राहिले, घामाने निथळत, पाठीला जुन्या कुबड्यांची एक जोडी बांधून. अठरा पायऱ्या चढून आले होते.

“खिडकीतून एकदम खाली गेलात. पडलात असं वाटलं, म्हणून या कुबड्या आणल्या,” ते धापा टाकत म्हणाले. “रोज दिसता. मी हात करतो, तुम्ही लगेच काहीतरी लिहायला लागता. म्हटलं, कामाचा माणूस आहे.”

साहेबांना वहीतली ‘खांदा धडधाकट’ ही नोंद आठवली.

कुबडी काखेत रुतू न देता भार हातांवर कसा घ्यायचा, हे घड्याळजींनी त्यांना शिकवलं. बोलता बोलता स्वतःचंही सांगितलं. आजार नसांचा होता. सकाळचं औषध घेतलं, की जेमतेम घटकाभर पाय ऐकायचे, मग दिवसभर नाही. भत्ता त्यांना मिळतच नव्हता. मागच्या वर्षी अर्ज केला होता, पण तपासणी नेमकी सकाळी आठला झाली. डॉक्टरांसमोर ते चार पावलं चालले आणि अर्ज फेटाळला गेला.

“आता तर चौकशीची नोटीस आली आहे,” ते म्हणाले. “न मिळणारा भत्ता मी लाटतो म्हणे.”

बायकोने साहेबांकडे पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

चौकशीच्या दिवशी साहेब उधारीच्या कुबड्यांवर समोर गेले. तपासनीस बाई येऊन बसल्या होत्या. न मिळणाऱ्या भत्त्याची चौकशी कशी करायची, याने त्या आधीच वैतागल्या होत्या. साहेबांनी वही टेबलावर ठेवली.

“तक्रार माझी,” ते घड्याळजींकडे बघून म्हणाले. “विचारायला हवं होतं, ते विचारलं नाही. बाई, आता निदान हे वाचा.”

घड्याळजींनी हातातला स्क्रू-ड्रायव्हर टेबलावर ठेवला. मग म्हणाले, “मी समजत होतो, तुम्ही मला ओळख देता.” साहेबांनी वही उघडून बाईंपुढे सरकवली.

बाई वाचू लागल्या. बारा दिवसांच्या नोंदी, मिनिटामिनिटाच्या. रोज सकाळी चार पावलं, नऊनंतर एकही नाही. एका सकाळच्या तपासणीत जे दिसलं नव्हतं ते सगळं इथे होतं, आणि तेही तक्रारदाराच्याच अक्षरात. त्यांनी वही ताब्यात घेतली. नव्या अर्जाची अकरा पानं साहेबांनी तिथेच बसून भरून दिली.

दोन महिन्यांनी घड्याळजी मंजुरीचं पत्र घेऊन स्वतः वर आले. साहेबांना तेवढ्यानेही हायसं वाटलं. पत्राच्या तळाशी पुराव्याबद्दल शेरा होता, तो बायकोने मोठ्याने वाचला आणि घड्याळजींच्या आग्रहावरून पुन्हा वाचला : ‘नोंदी विश्वसनीय. नोंद ठेवणाऱ्या इसमास दुसरा कोणताही उद्योग असल्याचे दिसून येत नाही.’