चंपतरावांचा कान

"पाय मोडला गा माझा, डोकं नाई! बाग काय पायानं चालते?"

चंपतराव भोयरांनी ही घोषणा केली तेव्हा ते बैलगाडीत उताणे होते. उजवा पाय प्लास्टरमध्ये, नुकत्याच चुना मारलेल्या मैलाच्या दगडासारखा गाडीबाहेर आलेला! दोन महिने पाय जमिनीला टेकवायचा नाही, टेकवला तर हाड सरकेल आणि जन्मभर लंगडावं लागेल, असं रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी तीनदा बजावलं होतं. मेहुण्यांनी नागपुरातच राहा म्हणून गळ घातली होती. पण कळमेश्वरच्या अलीकडे चंपतरावांची तीनशे झाडं संत्र्याची. फळांचा तोडा नुकताच आटोपलेला. साल पंच्याहत्तर, डिसेंबरचा मध्य, म्हणजे बागेला ताण द्यायचे दिवस! अशा वेळी मालकानं शहरात पडून राहणं म्हणजे नवरदेवानं मांडव सोडून नाटकाला जाणं.

ताण म्हणजे काय हे संत्रेवाल्याला सांगावं लागत नाही, इतरांसाठी सांगतो. थंडीत झाडाचं पाणी महिना-सव्वा महिना तोडायचं. झाड आधी रुसतं, मग सुकतं, मग पानं गाळू लागतं. आता आपण मरतो असं त्याला वाटलं, की नेमक्या त्या दिवशी पाणी सोडायचं. जिवावर बेतलेलं झाड फुलांनी लगडून जातं. दिवस आधी चुकला तर नुसता पाला फुटतो. नंतर चुकला तर झाडाला वाटलं होतं ते खरं ठरतं!

हा दिवस पंचक्रोशीत एकटे चंपतराव ओळखत. पान तोडायचं, कानाशी धरायचं, बोटांनी हळूहळू चुरगाळायचं आणि डोळे मिटायचे. पान जे बोलायचं ते त्यांना ऐकू येई. शेजारचे भैय्याजी स्वतः दोनशे झाडांचे मालक, पण चंपतरावांच्या कानानं होकार दिल्याशिवाय आपल्या झाडांना चूळभर पाणी दाखवत नसत.

आता हा पाय मोडला कसा? चंपतरावांनी डॉक्टरांना संत्र्याच्या झाडावरून, आठ फुटांवरून पडलो म्हणून सांगितलं. मेहुण्यांपर्यंत बारा फूट झाले. घरी समाचाराला माणसं येऊ लागली, तशी संक्रांतीपर्यंत त्या संत्र्याच्या झाडाची उंची नारळाएवढी झाली! खरी हकीकत दोघांनाच ठाऊक होती : बायको रुखमाबाई, आणि पंधरा वर्षं सालानं कामाला असलेला धोंडबा. झालं होतं असं की, धोंडबाला शिडीवर उभं कसं राहावं याचा धडा देण्यासाठी चंपतराव स्वतः शिडीवर चढले. "अशी टाच रोवली न गा धोंडबा, का माणूस सात जन्म पडत नाई!" असं म्हणाले आणि पडले. दुसऱ्या पायरीवरून.

"हे बाहेर गेलं तर तू बी बाहेर!" विव्हळताविव्हळता त्यांनी धोंडबाला एवढंच सांगितलं होतं.

तर घरापुढच्या छपरीत बाज पडली आणि बागेचा कारभार बाजेवरून सुरू झाला. ताण बसला. महिना होत आला तशी पानं ऐकायची वेळ आली. चंपतराव बागेत जाऊ शकत नव्हते, म्हणून पानांनी चंपतरावांकडे यायचं ठरलं.

पहिल्या दिवशी धोंडबा कडाक्याच्या थंडीत बागेच्या टोकापर्यंत जाऊन पाच पानं घेऊन आला.

"हे काय आणलं गा? हे तं झाडाच्या पोटातलं पान हाये. बाहेरचं आण!"

धोंडबा गेला, आला.

"हे वाळकं कायले उचललं? बाजारातून भाजी अशीच आणतं का?"

धोंडबा पुन्हा गेला, पुन्हा आला.

"याच्यावर कीड हाये. मी काय किडीचं ऐकू?"

चौथ्या खेपेला धोंडबाचे पाय बागेकडे वळेनात. घरामागे न्हाणीच्या पाण्यावर एक संत्र्याचं झाड वाढलं होतं. बारा महिने आंघोळीचं नि धुण्याचं पाणी पिऊन ते सावकारासारखं गुबगुबीत झालेलं. धोंडबानं त्याची पाच पानं तोडली, थोडा वेळ विडी ओढली आणि दमल्यासारखा श्वास टाकत छपरीत आला.

चंपतरावांनी पान हातात घेतलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "शाब्बास! याले म्हणते पान! रोज असंच आणत जाय."

मालकाचा हुकूम! धोंडबा रोज तसंच आणू लागला.

चंपतराव रोज डोळे मिटत, पान चुरगाळत. पान रोज एकच सांगे : मजेत आहे. "अजून ताण बसला नाई," चंपतराव जाहीर करत. "आठ दिवस थांबा." भैय्याजी कुंपणापलीकडून विचारत, "काय म्हणते कान?" उत्तर मिळे, "थांबा!" आणि भैय्याजीही थांबत. अशी पाचशे झाडं न्हाणीमागच्या एका झाडाच्या शब्दावर उपाशी राहिली.

तुरीच्या शेंगा आणायला रुखमाबाई बागेच्या बांधावर गेल्या आणि तिथेच उभ्या राहिल्या. पानं विडीसारखी वळली होती. काही गळून पडली होती. पायाखाली पापड मोडल्यासारखा आवाज होत होता.

घरी येऊन त्या म्हणाल्या, "अहो, पाणी सोडा आता. झाडं हात जोडून राहिले."

"तुले काय समजते वं त्याच्यातलं? हे पाह्य पान! टवटवीत!"

रुखमाबाईंनी पान हातात घेतलं. नाकाशी नेलं. पानाला कपड्याच्या साबणाचा वास येत होता.

त्या बोलणार, एवढ्यात चंपतराव उठून बसले. "इतकी शंका असंन तं थांब! मीच जातो बागेत. पाय राहो का जावो!" आणि त्यांनी प्लास्टरचा पाय खरोखरच खाली टेकवला. अशी किंकाळी फुटली की गोठ्यातल्या बैलांनी दावणी ताणल्या! घामानं थबथबलेल्या नवऱ्याला बाजेवर निजवताना रुखमाबाईंच्या एक गोष्ट ध्यानात आली. खरं सांगितलं, तर हा माणूस सरपटत बागेत जाईल. बाग वाचेल, पाय जाईल. नाही सांगितलं तर पाय वाचेल, बाग जाईल.

"बरोबर हाये तुमचं," त्या म्हणाल्या. "मलेच नीट दिसलं नसंन."

मग न्हाणीकडे जाऊन त्या धोंडबाला सहज म्हणाल्या, "हे मागचं झाड लय गुणाचं हाये, नाई का?"

धोंडबाच्या हातातली बादली पडली. "बाई, मालकाले सांगू नका जी! पाया पडतो!"

"सांगत नाई. तू पानं आणतच राय. त्यायले बाजेवरून उठू देऊ नको, एवढं तुह्यं काम."

आता प्रश्न पाण्याचा होता. विहिरीवर डिझेलचं इंजिन होतं, पण त्याचा खोकला चंपतराव झोपेतही ओळखत. ज्या कानाला पानाचं बोलणं ऐकू येतं, त्याच्यापासून इंजिन कसं लपवायचं? रुखमाबाईंनी डोक्यावरचा पदर नीट केला आणि त्या भैय्याजींच्या विहिरीवर गेल्या.

"भैय्याजी, ह्यायनं पाठवलं मले. कान म्हणते, आज सोडा पाणी. आमचं इंजिन बिघडलं. तुमच्याच इंजिनानं दोन्ही बागा भिजवा म्हणाले. बांध फोडून पाट काढला का झालं."

"कानानं हो म्हटलं न वैनी?"

"म्हटलं."

"मंग येऊन भेटू का त्यायले?"

"नका बाप्पा! बहार फुटेपर्यंत कोणी नावबी काढायचं नाई म्हणाले. नजर लागते."

त्या मंगळवारी भैय्याजींचं इंजिन सुरू झालं. ते चार दिवस चाललं.

"कायचं पाणी देऊन राहिला गा हा?" चंपतरावांनी विचारलं.

"गव्हाले," धोंडबा छताकडे बघत म्हणाला.

"चार दिवस? गहू पेरला का मासे सोडले?"

पुढचे तीन आठवडे चंपतरावांनी इमानेइतबारे पानं ऐकली. रुखमाबाई मात्र रोज पहाटे बागेत जाऊन येत आणि परतल्या की चूल पेटवत. चूक झाली असली, तर ती त्यांची एकटीची होती, आणि चंपतरावांचं नाव घेऊन केलेली होती. शिवाय भैय्याजींची दोनशे झाडंही त्यांच्याच पदरात होती. त्या दिवसांत भाजीत दोनदा मीठ नव्हतं. चंपतरावांनी दोन्ही वेळा तक्रार केली.

फेब्रुवारीतल्या एका सकाळी चंपतरावांनी पान कानाशी धरलं, डोळे मिटले आणि म्हणाले, "अजून आठ दिवस."

तेव्हाच वाऱ्याची झुळूक छपरीत आली. चंपतरावांनी नाक वर केलं. एकदा हुंगलं. पुन्हा हुंगलं. ज्याची उभी हयात संत्र्यात गेली त्याला तो वास कोणाचा, हे विचारावं लागत नाही.

"चंपतराव!" भैय्याजी ओरडतच आत आले. दोन्ही हातांत पांढऱ्या फुलांनी झाकलेल्या डहाळ्या! "मानलं गा तुमच्या कानाले! काय बहार फुटला! पान दिसत नाई झाडाले! बाजेवर पडून तुमाले दिवस समजला कसा?"

चंपतरावांच्या बोटांत पान तसंच होतं. त्यांनी धोंडबाकडे पाहिलं. धोंडबा जमिनीकडे बघत होता. त्यांनी दाराकडे पाहिलं. दारात रुखमाबाई चहाचे कप घेऊन उभ्या होत्या.

"समजते," चंपतराव जपून म्हणाले. "तो दिवसच तसा होता."

"कोणता वार होता हो तो?"

चंपतराव बायकोकडे बघत राहिले.

"मंगळवार," रुखमाबाई म्हणाल्या.

"मंगळवार," चंपतराव म्हणाले.

भैय्याजी डहाळ्या बाजेवर ठेवून गेले. चहा निवला.

"कसं समजलं तुले?" चंपतरावांनी शेवटी विचारलं.

"दुपारी पान वळते, रातभर दव खाते, सकाळी उघडते. ज्या सकाळी उघडलं नाई, त्या दिवशी पाणी. तुमच्या आईनं दाखवलं होतं."

"मंग इतके वर्षं बोलली काहून नाई?"

"बोलते न! दरवर्षी जेवताजेवता इचारता तुमी, 'काय वं, कशी दिसते बाग?' मी सांगते. दुसऱ्या दिवशी तुमी पानाले कान लावता."

चंपतराव आठवू लागले. तीस वर्षांची जेवणं. हिवाळ्यातली वांग्याची भाजी, तुरीचं वरण, आणि घास गिळताना सहज टाकलेला तो प्रश्न. विचारलेलं आठवत होतं. उत्तर मिळाल्याचं मात्र काही केल्या आठवेना. पण मिळालं असलंच पाहिजे, नाहीतर तीस वर्षं बहार फुटला कशाच्या जोरावर? म्हणजे कान होता, आणि चांगलाच होता. तो लागला होता दुसरीकडेच, एवढंच त्यांना माहीत नव्हतं.

"पण मले आणून दिलेलं पान असं ताजं कसं वं?"

"थंडी होती न," रुखमाबाई म्हणाल्या आणि कप उचलून आत गेल्या.

आठवड्यानं प्लास्टर निघालं. चंपतराव काठी टेकत निघाले. बागेत जायचं होतं, पण न्हाणीमागच्या झाडापाशी त्यांचे पाय थांबले. साऱ्या शिवारात तेवढ्याच झाडाला एकही फूल नव्हतं. पुढची बाजू तर माणसाचा हात पोचेल तिथपर्यंत भुंडी झाली होती, न्हाव्यानं अर्धी हजामत करून जेवायला जावं तशी!

चंपतरावांनी एक पान तोडलं. कानाशी न्यायला हात वर गेला, पण वाटेत नाकापाशीच थांबला. साबण.

"धोंडबा!"

"जी मालक."

"याचा पाला कुठं गेला गा?"

"बकरीनं खाल्ला जी."

"इतक्या उंचावरचा? बकरी पोहोचली कशी?"

धोंडबानं थोडा विचार केला. पंधरा वर्षांची चाकरी त्याच्या डोळ्यांपुढून गेली.

"शिडीवर चढली असंन, मालक."

"शिडीवर! कितव्या पायरीवर चढली होती बकरी?"

"दुसऱ्या," धोंडबा म्हणाला.

चंपतराव खाकरले. काठी उगाच या हातातून त्या हातात घेतली. मग बागेचा रस्ता सोडून घराकडे वळले आणि स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन म्हणाले, "काय वं, कशी दिसते बाग?"

आणि या वेळी उत्तर ऐकायला ते उंबऱ्यावर बसले.