तात्यांची चूल कोणत्या वॉर्डात?

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं. ऱ्हस्व-दीर्घ जागोजागी चुकेल, आणि अक्षर तर वाळत घातलेल्या बोंबलांसारखं वाकडंतिकडं. वाचणाऱ्याने सांभाळून घ्यावं. पण आमच्या शेजारच्या हिरूतात्यांबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाही.

तात्या रात्रीचं कालवण कशाचं करायचं हेसुद्धा मतदानाने ठरवत!

दिवेलागणीला ते ओट्यावर येऊन आरोळी ठोकत, "सुकट का वाकटी? मत द्या!" मग समोरचे शिंपी, आमच्या घरचे, पाण्याच्या हंड्यांसकट थांबलेल्या बाया, सगळे हात वर करत. वाटेने चाललेला मिठाचा गाडीवानही कासरा एका हातात धरून दुसरा वर करी. मी दाराआड उभी असे. तात्या तिथूनही मला सोडत नसत. "वयनीचा हात पदराखाली हाय, पन वर हाय! धरा!" मी लाजून अर्धी होई. मग जी सुकी मासळी जास्त मतांनी निघे तीच तात्या शिजवत आणि एकटेच जेवत.

जन्म त्यांचा उरणकडच्या मिठागरावर गेला. मुकादम होते. घर-संसार पहिल्यापासून इथे पनवेललाच, म्हातारपणी तेही कायमचे इथे आले. मूलबाळ नव्हतं. त्यांची बायको चांगुणाबाई मी लग्न होऊन यायच्या आधीच वारलेली. तिचं नाव मला शिंपीणबाईंनी सांगितलं. तात्या तिच्याबद्दल कधी चकार शब्द काढत नसत.

स्वराज्यातल्या पहिल्या निवडणुकीला तात्या कोरं धोतर नेसून पहाटेच जाऊन बसले होते. बोटावरची शाई जाऊ नये म्हणून आठवडाभर त्यांनी त्या हाताने भांडी घासली नाहीत. असा माणूस! आणि मग आल्या आमच्या नगरपालिकेच्या निवडणुका.

आमच्या वॉर्डात एका पक्षाचं इतकं वजन होतं, की तो ज्याला उभा करील तोच येणार. उभं कोणाला करायचं ते पक्षाचे सभासद हात वर करून ठरवणार होते. नावं दोन: भाताच्या गिरणीचे शेठ आणि आमच्या नर्सबाई. नर्सबाई म्हणजे अडलेल्या बाईसाठी चिखल तुडवत विचुंब्यापर्यंत चालत जाणाऱ्या. आळीतली निम्मी पोरं त्यांच्याच हातावर जन्मलेली. तात्यांनी ठरवलं, आपलं मत नर्सबाईंना. पण सभासद नसलेल्याला तिथे मत नाही हे कळलं तेव्हा त्यांचा असा काही भडका उडाला!

"ताटात वाढून झाल्यावर आमाला इचारनार, काय जेवनार म्हनून? मी आधीच चुलीपाशी जाऊन बसतो!"

पक्षाची कचेरी किराणा दुकानाच्या माडीवर. तिथले चिटणीस चष्म्यावरून बघत बोलणारे, सज्जन, पण नियम म्हणजे नियम. सभासद व्हायला चार आणे. तात्यांनी तिथल्या तिथे मोजले. दोन जुन्या सभासदांची शिफारस. शिंप्यांनी आणि आमच्या ह्यांनी सह्या केल्या. तात्या पावती घेऊन आळीभर नाचले. दुसऱ्या दिवशी चिटणिसांचा निरोप आला: तुम्ही या वॉर्डाचे नाहीच.

झालं होतं असं. तात्यांचं घर लांबट. पुढचं दार आमच्या आळीत, मागचं स्वयंपाकघर पलीकडच्या. वॉर्डाची रेघ बरोबर मधल्या दारातून जायची. सरकार घर दारावरून मोजतं, म्हणून सरकारी यादीत तात्या आमचे. पक्षाचा नियम मात्र असा, की माणसाची चूल जिथे, तिथला तो सभासद.

"म्हंजे बसलो तर मी या वॉर्डाचा न् जेवलो तर त्या वॉर्डाचा?" तात्या माडीवर कडाडले. "न् मधल्या दारात उबा ऱ्हायलो तर?"

"तर जेवायला कुठे जाता ते बघू," चिटणीस शांतपणे म्हणाले.

तात्या धावतच घरी आले. "वयनी, माती भिजवा! चूल पुढं आनू!"

काय तो दिवस! आम्ही सगळ्या बाया कामाला लागलो. लाल माती आणली, भाताचा तूस कालवला, ओट्यालगतच्या खोलीत मी स्वतः चूल घातली. चार बायांत पुढे होऊन काही करायची ती माझी पहिलीच वेळ. तिसऱ्या दिवशी ती वाळली. पक्षाची सभा त्याच दुपारी. चिटणीस सकाळी पाहणीला आले, मागे सगळी आळी. त्यांनी नवी चूल पाहिली, मान डोलावली, आणि सरळ मागे स्वयंपाकघरात गेले.

"ही जुनी अजून आहेच की. एका घरात दोन चुली म्हणजे वेगळे निघालेले दोन संसार. ही मोडा, मग नाव चढवतो."

"मोडतो की!" तात्यांनी पहार उचलली. शिंपी ओरडले, "तात्या, एकाच घावात!" पोरांनी टाळ्या पिटल्या. तात्या उकिडवे बसले, पहार टेकवली.

आणि तसेच बसून राहिले.

मी दारातच होते, म्हणून मला दिसलं. जुनी चूल नुकतीच सारवलेली, धुराचा डागही नव्हता. कडेला मातीत बोटं उमटलेली होती. बाईची, बारीक. सारवताना तेवढी जागा मात्र तात्यांनी रोज मोकळी सोडलेली.

"चिटनीससायेब," तात्या मान वर न करता म्हणाले, "या घरात संसार एकच हाय. पन तो दोगांचा हाय. ऱ्हाऊ द्या माजं मत."

शिंप्यांनी पोरांना बाहेर नेलं.

नर्सबाईंची निवड तात्यांच्या मताशिवायच झाली, तीही दणक्यात. आळीत साखर वाटली. तात्यांनी स्वतः वाटली. पण नाव चढलंच नव्हतं, तेव्हा चार आणे परत मिळायला हवेत म्हणून ते माडीवर जाऊन भांडलेही. चिटणिसांनी दोन आणे दिले, दोन पावती-पुस्तकाच्या खर्चात धरले. "खर्च कापायचा नियम दाखवा!" म्हणून तात्या पंधरा दिवस त्यांच्या मागे होते.

एके दिवशी चिटणीस आपण होऊन आले. तात्या चहा टाकत होते. चिटणीस चष्मा काढून जुन्या चुलीसमोर पाटावर बसले. कप मी नेऊन दिला.

"तुमच्या मंडळींनी घातली?" त्यांनी विचारलं.

"लग्नाच्या वर्सी," तात्या म्हणाले. "पयलीच चूल तिची. वाकडी झालीय थोडी. भांडं कलतं."

चिटणिसांनी चहा संपवला. उठताना स्वतःच्या खिशातून दोन आणे काढून तात्यांच्या हातावर ठेवले. तात्यांनी नाणं उलटसुलट करून पाहिलं, कनवटीला लावलं, आणि म्हणाले, "पुरे चार आने पावले, सायेब."