निम्मी पाण्यात, निम्मी पाळीवर

आमच्या तलावात डायनासोरची मादी सापडली आणि तिची नोंद कुठे करायची, हा प्रश्न गावापुढे उभा राहिला.

सापडली मला. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष सोडून घरी बसले होते, म्हणून सकाळी तलावाच्या पाळीवर, म्हणजे मातीच्या बांधावर, जायला वेळ होता. म्हशीएवढं अंग, बगळ्यासारखी मान, पायांना बदकासारखे पडदे. पाण्याच्या अगदी कडेला तिने तीन अंडी घातली होती. पोट अंड्यांवर, शेपूट पाण्यात. मान वळवून मासा धरायची, मग ओल्या शेपटीने अंड्यांवर पाणी शिंपडायची. अशी जात पुस्तकात नव्हती. असती तरी आमच्या प्राध्यापकांनी ते पान गाळलं असतं.

ती डायनासोर आहे याबद्दल कुणी वाद घातला नाही. वाद जुनाच होता. तलावाचं पाणी मच्छीमार सोसायटीचं, पाळ ग्रामपंचायतीची. सोसायटीचे अध्यक्ष माझे बाबा, फागू वलथरे. सरपंच मोडकू टेंभरे. वीस वर्षं दोघे त्या एका रेषेवर भांडत आलेत. दुसरं काही केल्याचं मला आठवत नाही.

"मासे खाते ना? मंग सोसायटीची," बाबा म्हणाले.

"अंडी कुठं घातली? पाळीवर. पंचायतीची," टेंभरेकाका म्हणाले.

"काका, तिले दोन्ही लागते," मी म्हणाले.

"तू पयले कॉलेज पुरं कर. मंग आमाले शिकव."

नोंदणीच्या छापील अर्जात 'जलचर / भूचर' असं होतं आणि पुढे 'लागू नसेल ते खोडा'. मी काहीच खोडलं नाही. तालुक्याहून अर्ज अपूर्ण म्हणून परत आला.

मग दोघांनी तोडगा काढला. दुपारी पाण्याच्या कडेने जाळं बांधायचं. तोवर ती ज्या बाजूला जाईल, त्या बाजूची. ती उठली, पाण्याकडे बघितलं आणि अंड्यांवर येऊन बसली. जाळं ताणून बांधलं गेलं. पंचायतीने फटाके फोडले.

पंचायतीने तिला खायला दोन भारे तणीसही दिली, भाताचा सुका पेंढा. तिने ती हुंगली आणि अंड्यांखाली सारली.

मी जाळ्यावरून मासे टाकू लागले तेव्हा बाबांनी हात धरला. "सोसायटीचा मासा भूचराले देता येत नाही."

"मरन ना ते, बाबा."

"नियम आहे. मी का करू?"

"नियम तुमीच केला. परवा. जाळंबी तुमीच इनलं."

बाबांनी जाळ्याकडे बघितलं. "गाठी चांगल्या बसल्या," म्हणाले.

अंड्यांवर शिंपडायला मी बादलीने पाणी आणत होते. पाणीही सोसायटीचंच निघालं. बादली जप्त झाली. तिची शेपूट वाळून तडकली. मग ती जिभेने अंडी ओली ठेवू लागली. जीभही वाळली.

नवव्या दिवशी ती मेली. मरताना मान जाळ्यावर टाकली होती आणि तोंडाचं टोक गाठींमधून पाण्याला टेकलं होतं. त्यामुळे पंचनामे दोन झाले. तोंड सोसायटीकडे, बाकीची पंचायतीकडे. एकमेकांच्या कागदावर दोघांनी साक्षीदार म्हणून सही केली आणि वीस वर्षांत पहिल्यांदा एका किटलीतला चहा प्यायले.

मी विळ्याने जाळं कापलं.

आता तिथे मी असते. अंडी पोटाशी, पाय पाण्यात. ओंजळीने पाणी शिंपडते. मधलं अंडं काल जरासं हललं.

बाबा रोज भाताचा डबा घेऊन येतात आणि जिथे जाळं होतं तिथे थांबतात. त्यांच्या हातात छापील अर्ज असतो.

"रोशनी, सांग ना बाई. काय खोडू?"

"काहीच नोका खोडू."

ते अर्जाची घडी घालतात. मग डबा घेऊन परत जातात. माझी नोंद झाल्याशिवाय डबा कुणी द्यायचा हे ठरलेलं नाही.

त्यासाठी सोमवारी बैठक आहे. आज बुधवार.