म्हशीचा हॉल

परवेझ शेखच्या कृत्रिम बुद्धिमत्तेने सोमवारी सकाळी कर्जत तालुक्यातल्या शेतकऱ्यासाठी आदर्श घराचा नकाशा काढला आणि त्यातली सगळ्यात मोठी, सगळ्यात थंड खोली म्हशीला दिली. माणसांसाठी मागच्या अंगाला एक पडवी होती. पडवीत तीन चुली होत्या. म्हातारीची सोय कडब्याच्या गंजीशेजारी केली होती आणि तिला वारा लागावा म्हणून तिथे एक झरोकाही ठेवला होता.

परवेझने प्रोग्रॅम बंद करून पुन्हा चालू केला. या खेपेला प्रोग्रॅमने म्हशीच्या खोलीला दोन खिडक्या वाढवून दिल्या.

परवेझ नगरजवळच्या एका खासगी इंजिनिअरिंग कॉलेजात सिव्हिल शिकवत होता. कोरडवाहू भागातली घरं उन्हाळ्यात थंड कशी राहतील, याचे आराखडे एआयकडून काढून घेणं हा त्याच्या पीएच.डी.चा विषय. हा विषय घेतला तेव्हा त्याच्या डोक्यावर केस होते. आता कॉलेजने फतवा काढला होता की, जूनपर्यंत ज्याच्या नावामागे डॉक्टर लागणार नाही त्याने दुसरीकडे बघावं. दुसरीकडे बघण्यासारखं काही नव्हतं, कारण दुसरीकडच्या कॉलेजांत पोरंच उरली नव्हती.

चहाचा कप ठेवायला आलेली त्याची बायको सबिहा नकाशाकडे बघत उभी राहिली. "हे कोणी काढलं?"

"मशीनने."

"म्हशीला हॉल द्यायचा, हे त्याला कोणी सांगितलं?"

"कोणी सांगत नाही. आपण माहिती द्यायची, त्यावरून ते स्वतः शिकतं."

"मग माहिती काय दिलीत तुम्ही?"

"डोळ्यांनी पाहिली तीच," परवेझ म्हणाला.

आणि यात तसूभरही खोटं नव्हतं. त्याने गावात घरोघर फिरून, टेप लावून, खोली न् खोली मोजली होती. जवळजवळ प्रत्येक घरात पुढच्या खोलीत म्हैस नाही तर बैल होता. माणसं पडवीत दाटीने बसलेली होती, आणि म्हाताऱ्या बायका अशा ठिकाणी होत्या की परवेझला बघवलं नव्हतं. चूक एवढीच झाली होती की, लोकांनी विश्वास ठेवावा म्हणून तो ग्रामसेवकाला बरोबर घेऊन गेला होता, आणि प्रत्येक घराचा फोटो घेताना घरमालकाला दारात उभं करत होता. गावाला एवढं बस होतं. ग्रामसेवक, टेप आणि दारात उभं करून फोटो म्हणजे घरकुलाचा सर्व्हे, हे शेंबडं पोरही सांगेल. परवेझ दर घरी सांगत होता, "हे फक्त कॉलेजचं संशोधन आहे, यातून काही मिळणार नाही." तो जितक्या वेळा हे सांगे, तितकी लोकांची खात्री पक्की होई. तो एका घरात टेप लावी, तोवर पुढच्या चार घरांत म्हशी आत जात.

हे परवेझला कळायला बराच उशीर झाला. तोवर त्याच्या मार्गदर्शक डॉ. आढाव मॅडमनी नकाशा पाहिला आणि चष्मा काढून ठेवला.

"परवेझ, तुला कळतंय का हे काय आहे? आपण शहरातली माणसं. आपण डोळे झाकून हॉल माणसाला देणार. मशीनला असला पूर्वग्रह नाही. इथला माणूस जनावराला केंद्रात ठेवून जगतो, हे त्याने शोधून काढलं."

परवेझला मनातून ते पटलं नव्हतं. पण जून जवळ आला होता. बुडत्याला काडीचा आधार म्हणतात, इथे तर अख्खी म्हैस होती. त्याने 'पशुकेंद्री निवासरचना' नावाचं प्रकरण लिहिलं, प्रबंध बांधून दिला आणि वाट बघत बसला. बाहेरगावच्या परीक्षकांचं उत्तर आलं. त्यांना प्रबंध फार आवडला होता. इतका आवडला होता की, तोंडी परीक्षेच्या दिवशी सकाळी आधी त्यांना ते गाव बघायचं होतं.

गावाला आगाऊ कल्पना द्यावी म्हणून परवेझ एकटाच मोटरसायकलवरून गेला. पहिलंच घर छगनचं. सर्व्हेच्या दिवशी सगळ्यात अगत्याने बोलला होता तो हाच छगन, आणि नकाशातली म्हैस मुळात याचीच. परवेझ उंबऱ्यात थबकला. पुढच्या खोलीत सोफा होता. कोपऱ्यात फ्रीज होता, खिडकीत कूलर होता आणि जमीन टाइल्सची दिसत होती. सोफ्यावर छगनचा मुलगा बजरंग इस्त्रीचा शर्ट घालून, कोणी बसवून ठेवल्यासारखा बसला होता.

"या सर, या," छगन म्हणाला. "मंजूर झालं का?"

"काय?"

"घरकुल."

परवेझने सोफ्याचा हात धरला. "छगनराव, म्हैस कुठे आहे?"

"गोठ्यात. आन् कुठं आसनार?"

"त्या दिवशी तर इथे बांधली होती."

"त्या दिशी तुमी आल्ता."

परवेझ खाली बसला. मग त्याने एकेक विचारलं आणि छगननेही, आता लपवण्यासारखं काय राहिलंय अशा मोकळ्या मनाने, एकेक सांगितलं. तिघा भावांची रेशनकार्डं वेगळी, म्हणून चुली तीन. एरवी भाकरी एकाच तव्यावर होतात. म्हातारीला गंजीपाशी घटकाभर बस म्हटलं होतं, तर तिला तिथेच डोळा लागला.

"मी तुम्हाला सांगितलं होतं ना, की मी कॉलेजातून आलोय?"

"व्हय. मागच्या टायमाला जो आल्ता त्यो बी म्हनला हुता, नुसती माहिती हाय. मंग त्यानं पलीकडच्या आळीला घरकुलं दिली. आमी खरं बोलून बसलो आन् ऱ्हायलो."

छगनची बायको गोजरबाई पाणी घेऊन आली होती. तिने परवेझचा चेहरा पाहिला आणि तांब्या तसाच हातात धरून उभी राहिली. "मास्तर, कुनी गेलं का घरात?"

परवेझने सगळं सांगितलं. परीक्षक, प्रबंध, जून, नोकरी. ऐकता ऐकता दोघांचे चेहरे पडले. काही झालं तरी माणूस आपल्यामुळे गोत्यात आला होता.

"ह्यात काय मोठं हाय मंग," छगन म्हणाला. "येऊ द्या तुमच्या सायबाला. बांधू की म्हैस हितं. कवा येनार?"

"शुक्रवारी."

"सुक्करवारी आपल्याकडं कुनी पाव्हनं न्हाईत," गोजरबाई बजरंगकडे बघत म्हणाली. "हा महिना समदा ह्याच्या स्थळासाठी घर असं मांडून बसलोय. चौतिशी गाठली ह्यानं. शेती करतो म्हनलं की लोक फाट्यावरनंच माघारी जात्यात."

परवेझला हे बरं वाटलं नाही. पण परतताना त्याने मनाची समजूत घातली की आपण खोटं काही दाखवणार नाही, फक्त त्या दिवशी जसं होतं तसं दाखवणार. माणूस शिकलेला असला की अशा समजुती त्याला पटकन सापडतात.

शुक्रवारी कॉलेजची गाडी छगनच्या दारात थांबली. पुढे परीक्षक उतरले, मागून आढाव मॅडम आणि परवेझ. छगन धावत आला आणि त्याने परवेझला गाडीच्या आडोशाला ओढलं.

"सर, घोटाळा झाला. सकाळी फोन आला. पारनेरकडचं स्थळ हाय, पोरीचा बाप आन् पोरगी सोताच घर बघाया निघाल्यात. फाट्यावर पोचल्यात. तुमी म्हनत आसाल तर बांधतो म्हैस, मी शबुद दिलाय." त्याने मागे वळून घराकडे पाहिलं. "पर ह्या साली दुसरं स्थळ आलं न्हाई."

परवेझने दारातून आत पाहिलं. बजरंगने केस काळे केले होते आणि कानाच्या पाळीलाही थोडा रंग लागला होता. तो भिंतीकडे तोंड करून देवाला नमस्कार करत होता. परवेझला काय वाटलं कोण जाणे, तो म्हणाला, "राहू द्या म्हशीला गोठ्यात."

पाचच मिनिटांत पुढच्या खोलीत दाटी झाली. सोफ्यावर एका टोकाला परीक्षक, मध्ये मॅडम, दुसऱ्या टोकाला पोरीचा बाप कारभारी. पोरगी, मोनिका, आत गोजरबाईजवळ बसली होती आणि दारातून सगळं न्याहाळत होती. सगळ्यांना पोहे आले. परीक्षकांनी पोह्यांकडे पाहिलं, कूलरकडे पाहिलं, मग परवेझकडे वाकून हळूच विचारलं, "शेख, ही तीच खोली?"

"हो सर."

"पशुकेंद्री?"

मॅडमना ठसका लागला.

कारभारी दुधाने पोळलेला माणूस होता. तो काही खात नव्हता. त्याने सगळ्यांवरून नजर फिरवली आणि ती परवेझवर येऊन थांबली. "तुमी कोन म्हनायचं?"

"मी शेख. नगरला शिकवतो. घरांचा अभ्यास करतो."

"ह्या घराचा बी?"

"हो. हे घर मी मोजलंय."

"मंग बरंच झालं." कारभारीने बशी खाली ठेवली. "आमच्या थोरलीच्या वक्ताला दारात ट्रॅक्टर दावला हुता. हळद निघायच्या आत मालक यीऊन घिऊन ग्येला. तवाधरनं मी घरच्याला इचारत न्हाई आन् भावकीला बी न्हाई. तुमचं हितं ना नातं ना गोतं, सोयरीक न्हाई, शिवेला शीव न्हाई. तुमी सांगा. हे घर रोज आसंच आसतं का?"

परीक्षकांचा चमचा हवेत थांबला होता. गोजरबाईने पदर तोंडाला लावला. बजरंग मान खाली घालून टाइल्सवरची फुलं बघत होता. परवेझपुढे इकडे आड तिकडे विहीर होती. "नाही, इथे एरवी म्हैस असते," एवढं म्हटलं की प्रबंध वाचत होता, नोकरी वाचत होती, आणि बजरंग जन्मभर या सोफ्यावर बसून राहणार होता. इतके दिवस खोट्यावर चाललेल्या माणसाला अचानक खऱ्याची फार तहान लागली.

"असंच असतं," परवेझ म्हणाला. "मी न सांगता आलो होतो, तेव्हाही असंच होतं. माझ्या डोळ्यांनी पाहिलंय."

कारभारीने पोह्यांची बशी उचलली.

परतीच्या वाटेवर मिरजगाव मागे पडल्यावर परीक्षक म्हणाले, "शेख, तुमच्या मशीनला मी दोष देत नाही. लोकांनी सांगितलं ते त्याने खरं मानलं. तुम्हीही मानलंत. फरक इतकाच, मशीनला डॉक्टर व्हायचं नव्हतं." प्रबंध परत आला. सगळी पाहणी नव्याने करून पुन्हा सादर करावा, असा शेरा होता. मॅडमनी शेऱ्याखाली सही केली आणि पूर्वग्रहाविषयी पुन्हा काही बोलल्या नाहीत. जूनमध्ये कॉलेजने परवेझला तासिका तत्त्वावर घेतलं, म्हणजे काम तेच आणि खुर्ची तेवढी काढून घेतली.

"एका परक्या पोराच्या लग्नापायी पीएच.डी. घालवलीत," सबिहा म्हणाली.

"हो."

तिने त्याच्यापुढचा रिकामा कप उचलला. "लग्नाला तरी बोलावलं का?"

"पत्रिका आली होती. त्या दिवशी पेपर तपासणी होती."

पण सगळं गेलं तरी परवेझला एका गोष्टीचं समाधान होतं. एकदा तरी आपण पदरचं घालून खरं बोललो, आणि त्यातून एक घर उभं राहिलं. वाईट दिवसांत तो हे समाधान काढून बघायचा.

पाऊस लांबला होता. जुलैत परवेझ पुन्हा गावात गेला. ग्रामसेवक नाही, कॅमेरा नाही, कोणाला निरोप नाही. छगनच्या घराचं दार मोनिकाने उघडलं. बाकी सगळे रानात गेले होते. ती वाटेतून बाजूला झाली आणि परवेझ आत गेला.

खोली रिकामी होती. सोफा नव्हता, फ्रीज नव्हता. खिडकीत कूलरच्या जागी गोणपाट लावलेलं होतं. खाली शेणाने सारवलेली जमीन होती. टाइल्स म्हणजे एक मोठी छापील चटई होती, हे त्याला आत्ता कळलं.

"फ्रीज भीमाकाकांचा," तो काही विचारायच्या आत मोनिका म्हणाली. "सोफा आनि कूलर वरच्या आळीचा. चटई मंडपवाल्याची. माझी हळद निघाली न्हवती सर, सगळे एकाच दिवशी येऊन घेऊन गेले."

परवेझच्या हातातली टेप जड झाली. त्याने विचारलं, "म्हैस गोठ्यात असेल ना?"

"लग्नात विकली."

बाहेर कुठेतरी पंप सुरू करायचा प्रयत्न चालला होता आणि तो सुरू होत नव्हता. मोनिका चिडलेली दिसत नव्हती. चिडलेली असती तर परवेझला बरं वाटलं असतं.

"मानूस वाईट न्हाई," ती म्हणाली. "मला जपतो. पन सर, आमच्या वडलांनी त्या दिवशी दुसऱ्या कुनालाच इचारलं न्हवतं. तुमी हो म्हनलात म्हनून दिलं मला हितं."

"मला खरंच माहीत नव्हतं," परवेझ म्हणाला. "मीही फसलो. तुझ्याइतकाच."

मोनिकाने त्याच्याकडे पाहिलं. मग तिने पुढे होऊन त्याच्या हातातल्या टेपचं टोक धरलं, आणि ते घेऊन ती समोरच्या भिंतीपाशी गेली.

"तुमाला परत मोजाया मिळतं," ती म्हणाली. "लिहा."